बसलेला हात सुटू देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं टूलरूम आहे. बारा माणसं, दोन सिलिंड्रिकल ग्राइंडर, एक जुनं जिग बोअरिंग मशीन आणि मागच्या बाजूला काचेची एक वातानुकूलित खोली. आम्ही गेज बनवतो. गेज म्हणजे माप तपासायचं माप. लेथवरून उतरलेला प्रत्येक भाग कामगाराने मायक्रोमीटर लावून बघत बसायचं नसतं. 'गो' गेज गेलं पाहिजे आणि 'नो-गो' अडलं पाहिजे, एवढंच त्याने बघायचं. गेली ३१ वर्षं मी हा धंदा करतो आणि त्यातली बरीचशी वर्षं तोफगोळे आणि त्यांच्या फ्यूजसाठी (म्हणजे गोळा नेमक्या क्षणी फोडणाऱ्या यंत्रणेसाठी) लागणारी गेजेस बनवण्यात गेली.

संरक्षण उत्पादनाच्या बातम्या तुमच्याकडे हल्ली नेमाने येतात, आणि त्या वाचून मला मनापासून आनंद होतो. आपल्या पाषाणच्या एआरडीईत, म्हणजे डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत, आखलेली १५५ मिलिमीटरची अ‍ॅटॅग्स तोफ १५ ऑगस्ट २०२२ ला लाल किल्ल्यावर सलामीला उभी राहिली, तेव्हा आम्ही शॉपमध्ये झेंडावंदनाला जमलो होतो. सगळ्यांनी एका मोबाइलभोवती गर्दी करून तो आवाज ऐकला. मार्च २०२५ मध्ये अशा ३०७ तोफांचा सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला, त्यातला मोठा वाटा मुंढव्याच्या भारत फोर्जकडे आला, बाकीचा टाटांकडे. पुण्याने अभिमान बाळगावा अशीच ही गोष्ट आहे. पण एवढी मोठी वस्तू बनवणारे हात कसे तयार होतात आणि कशाने नाहीसे होतात, हे मात्र कुठे वाचायला मिळत नाही. म्हणून हे पत्र.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. जुने खडकीकर त्याला नुसतं 'अ‍ॅम्युनिशन' म्हणतात. १८६९ पासूनचा कारखाना. आम्ही रेंजहिल्सच्या क्वार्टरमध्ये वाढलो. वडील पितळी काडतुसांच्या सेक्शनला होते. पितळेची जाड चकती प्रेसखाली आधी वाटीसारखी करायची, मग ओढत ओढत तिचं नळकांडं करायचं, आणि दोन ओढींच्या मध्ये ती भट्टीत घालून मऊ करायची. भट्टी कमी पडली तर पुढच्या ओढीला तोंडाशी चीर जाते. जास्त झाली तर पितळेची पाठ संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत होते. वडील मालावर अंगठा फिरवून सांगायचे, "भट्टी उतरलीय, बघा जरा." भट्टीवरचा काटा बघितला की तो खरंच उतरलेला असायचा. हे त्यांना त्यांच्या आधीच्या मिस्त्रींनी शेजारी उभं करून शिकवलं होतं. वडील निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याही हाताखाली तीन जण तयार होते, कारण एवढ्या नोकरीत त्या सेक्शनचं काम एकही वर्ष बंद पडलं नव्हतं.

माझ्या बाबतीत ते तसं राहिलं नाही.

साधारण वीस वर्षांपूर्वी १५५ मिलिमीटरच्या गोळ्यासाठी रिंग गेज, म्हणजे ज्याच्या भोकातून गोळा घालून बघतात ते कडं, बनवायचं काम आमच्याकडे आलं. ड्रॉइंग परदेशी होतं. त्यावर व्यास होता, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) होता, कडकपणा होता, फिनिश होतं आणि कोपऱ्यात एक शब्द होता, 'स्टॅबिलाइझ्ड'. आम्ही ओएचएनएस, म्हणजे तेलात विझवून कडक होणारं, पोलाद घेतलं, हार्डनिंग करून आणलं, ग्राइंडिंग केलं, लॅपिंग केलं. दसऱ्याच्या आधी काचेच्या खोलीत मोजलं, माप अगदी बरोबर. ऑर्डरच्या कागदात काही दुरुस्ती यायची होती म्हणून गेज तेल लावून, मेणकागदात गुंडाळून कपाटात ठेवलं. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास ते पाठवायच्या आधी सहज पुन्हा मोजलं, तर भोक पाच मायक्रॉनने मोठं झालेलं. मला वाटलं मोजण्यात चूक झाली. स्लिप गेज (प्रमाण मापाचे ठोकळे) पुसून पुन्हा लावले, खोली रात्रभर २० अंशांवर ठेवली, सकाळी पुन्हा मोजलं. पाच मायक्रॉनच.

पाच मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही कमी. पण 'गो' रिंगचं भोक मोठं झालं म्हणजे जो गोळा अडायला हवा तो आता पास होणार, आणि तसा गोळा एखाद्या जवानाच्या तोफेत नको तिथे आवळणार. मी त्या रात्री झोपलो नाही.

पाषाणच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्या ओळखीचे होते. त्यांनी पाच मिनिटांत निदान केलं. हार्डनिंग केल्यावर पोलादाचा थोडा भाग न बदलता तसाच राहतो, त्याला रिटेन्ड ऑस्टेनाइट म्हणतात. तो नंतर कपाटात बसल्या बसल्या बदलत राहतो आणि बदलताना फुगतो. त्याला आधीच गोठवून बदलायला लावायचं, मग टेम्परिंग करायचं, म्हणजे हलकं तापवून ताण काढायचा, मग पुन्हा एकदा टेम्परिंग. आमच्याकडे त्यासाठी लागणारं यंत्र नव्हतं. आइस्क्रीमवाल्यांना ड्राय आइस पुरवणाऱ्या एकाकडून आम्ही ड्राय आइस आणला, थर्मोकोलच्या खोक्यात स्पिरिट ओतलं, त्यात तो टाकला आणि उणे ७० अंशांच्या आसपास रिंगा बुडवल्या. पहिल्या तीन तडकल्या. चौथी टिकली, पण तिचं माप तरी हललं. मग कळलं की हार्डनिंग झाल्यावर लगेच, तास-दोन तासांत हे करायला हवं. भोसरीतल्या हार्डनिंगवाल्याकडून रिंगा दुसऱ्या दिवशी टेंपोत घालून आणल्या की तोवर पोलाद हट्टी झालेलं असतं. शेवटी खोकं घेऊन आम्हीच त्याच्या भट्टीपाशी जाऊन बसायला लागलो. सात महिने गेले. ड्रॉइंगवरचा तो एक शब्द आम्हाला सात महिन्यांना पडला.

म्हणून 'तंत्रज्ञान हस्तांतरण' हे शब्द बातमीत दिसले की मी थबकतो. मार्च १९८६ मध्ये बोफोर्सचा करार झाला, ४१० तोफांचा. त्यात तंत्रज्ञान देण्याचीही तरतूद होती आणि कागद आपल्याकडे आलेही. मग वाद उठला आणि ते कागद वर्षानुवर्षं पडून राहिले. पुढची मोठी तोफ विकत घेण्याचा करार व्हायला २०१६ उजाडलं. त्याच जुन्या कागदांचा आधार घेऊन जबलपूरला 'धनुष' घडली, तिच्या पहिल्या सहा तोफा लष्कराला एप्रिल २०१९ मध्ये मिळाल्या. ज्यांनी ती घडवली त्यांना माझा दंडवत आहे, कारण मधल्या काळात आपल्याकडे अशी नळी घडवणाऱ्या, तिच्या आत पीळदार खाचा पाडणाऱ्या (रायफलिंग), मागचं बंद होणारं तोंड म्हणजे ब्रीच बसवणाऱ्या किती जणांचा हात सुटला असेल याची मला कल्पना आहे. त्याच धनुषसाठी जर्मन म्हणून चिनी बेअरिंग पुरवल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला, हे वाचकांना आठवत असेल. शिक्का बघून माल घेतला की असं होऊ शकतं. त्या जातीचं बेअरिंग देशात कुणी रोज बनवत असता तर त्याने ते हातात घेऊन फिरवून बघितलं असतं आणि पहिल्याच दिवशी शंका काढली असती.

आता माझ्या शॉपमधलं सांगतो. आमच्याकडे लॅपिंगला एक काका होते, जुन्नरकडचे. लॅपिंग म्हणजे बिडाच्या लॅपवर हिऱ्याची पेस्ट आणि तेल लावून शेवटचे दोन-तीन मायक्रॉन हाताने उतरवणं. यंत्राने होतं तिथवर ग्राइंडर करतो, त्यापुढे काका. लॅप फिरताना बोटाला लागणारी ओढ बदलली की ते थांबायचे, रिंग केरोसीनमध्ये धुवायचे आणि अर्धा तास तशीच ठेवून द्यायचे. हाताच्या उबेनेसुद्धा माप बदलतं. १५५ मिलिमीटरचं पोलाद एका अंशाला साधारण पावणेदोन मायक्रॉन वाढतं. लेथवरून वीस अंशांनी गरम उतरलेला गोळा गार गेजने तपासला तर ३५ मायक्रॉनची फसगत होते. नव्या पोरांना काका हे आकडे सांगायचे नाहीत. रिंग त्यांच्या हातात पाच मिनिटं धरायला लावायचे आणि मग मोजायला सांगायचे. पोरं आयुष्यात विसरायची नाहीत.

एका मोठ्या पुरवठादाराकडून आम्हाला गेजेसच्या ४० संचांची ऑर्डर मिळाली. चौदा महिन्यांत माल दिला, एकही संच परत आला नाही. पैसे मात्र शेवटचा संच गेल्यावर अकरा महिन्यांनी पूर्ण झाले. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे; त्याचा आधार घेऊन तक्रार केली तर पुढची ऑर्डर येईल का, या भीतीने आमच्यासारखे गप्प बसतात. मीही बसलो. पुढची ऑर्डर तरीही आली नाही. चार वर्षं त्या कामाचा एक कागद आला नाही. मी वाहनउद्योगाच्या जॉबवर्कवर शॉप चालवलं, पण तिथे एवढं बारीक लॅपिंग लागत नाही. काकांना किती दिवस नुसतं बसवून पगार देणार? त्यांनाही ते बरं वाटेना. मोशीच्या एका सोसायटीत रात्रपाळीला वॉचमन म्हणून ते लागले. २२ वर्षं बसलेला हात गेटच्या वहीत गाड्यांचे नंबर लिहायला लागला.

पाचव्या वर्षी ऑर्डर आली, तीही तातडीची. नव्या मुलांकडून करून घेतलं, २० रिंगांपैकी ९ नापास झाल्या. नापास का झाल्या, हे कागदावर नव्हतं, नुसताच शिक्का होता. मी मोशीला जाऊन काकांना हात जोडले. ते आले, पण डोळ्यांना आता चष्मा होता आणि पहिले दोन महिने त्यांचाही हात बसला नाही.

ही एका भोसरीच्या शॉपची गोष्ट आहे. युरोपात हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलेलं जगाने पाहिलं. शीतयुद्ध संपल्यावर तिथल्या दारूगोळ्याच्या ऑर्डरी आटल्या, कारखाने आक्रसले, माणसं दुसऱ्या कामाला लागली. युक्रेनमध्ये युद्ध पेटल्यावर मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने बारा महिन्यांत दहा लाख तोफगोळे द्यायचं ठरवलं. पैसा होता, इच्छा होती, अभियंते होते, तरी मुदतीत ते जमलं नाही. गोळ्याचं पोलाद मिळालं तर तो फेकणारी दारू कमी पडली. ती दारू बनते नायट्रोसेल्युलोजपासून, आणि नायट्रोसेल्युलोज बनतं सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड कापसापासून. तो कापूसही युरोपात बराचसा चीनमधून येत होता. आपल्या विदर्भातल्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. आपल्याकडे तोफेची दारू भंडाऱ्याला जवाहरनगरच्या कारखान्यात बनते. जानेवारी २०२५ मध्ये तिथे स्फोट होऊन कामगारांचे जीव गेले. स्वावलंबनाच्या कोणत्याही भाषणात ती माणसं आधी आठवावीत असं मला वाटतं. माझे वडील तशाच आवारात रोज जात होते, आणि आई भोंगा संध्याकाळचा वाजेपर्यंत दाराकडे बघत असायची.

आपल्याकडे जे नीट झालं, तेही आपल्या पुण्यातच दिसतं. पिनाका या रॉकेट डागणाऱ्या यंत्रणेचं काम १९८६ मध्ये मंजूर झालं. कारगिलमध्ये १९९९ ला ते प्रत्यक्ष वापरून पाहिलं. एका लाँचरमधून १२ रॉकेटं ४४ सेकंदांत. तिथे कुणी हात झटकून मोकळं झालं नाही. पाषाणची एआरडीई आणि शेजारचीच सुतारवाडीची एचईएमआरएल (स्फोटकांवर काम करणारी प्रयोगशाळा) यांनी ते पुढे चालू ठेवलं, ३७ किलोमीटरचा पल्ला वाढवत नेला, रॉकेटला दिशा देणारी यंत्रणा बसवली, आणि आता तेच रॉकेट ७५ किलोमीटरच्या आसपास जातं. मधल्या सगळ्या वर्षांत काही ना काही बनत राहिलं, उडवून पाहिलं जात राहिलं, चुकत राहिलं आणि दुरुस्त होत राहिलं. अ‍ॅटॅग्सचंही तसंच. काम २०१३ ला सुरू झालं, २०२० मध्ये पोखरणला चाचणीत एका तोफेची नळी फुटली, माणसं जखमी झाली. त्या दिवशी काहींनी प्रकल्प गुंडाळायची भाषा केली असती तर आज ३०७ चा आकडा दिसला नसता. उलट उदाहरण विमानाच्या इंजिनाचं. कावेरीचं काम १९८९ चं, आणि तेजस आजही अमेरिकी इंजिनावर उडतं. तो विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे, पण इंजिनं वेळेवर न आल्याने आपली तयार विमानं अडून राहिलेली वाचली की घशात काहीतरी अडकतं.

पुण्याला आणखी एक गोष्ट माहीत आहे. टेल्कोने १९६६ च्या सुमारास पिंपरीत बस्तान बसवलं तेव्हा सुमंत मुळगावकरांनी आधी प्रशिक्षणाची शाळा आणि टूलरूम यांवर भर दिला. पुण्याच्या कारखान्यातून पहिला ट्रक बाहेर पडला तो १९७७ मध्ये. त्या शाळेतून निघालेल्या मुलांनी पुढे भोसरी-चिंचवडला किती शॉप काढली याची गणतीच नाही. माझे पहिले उस्ताद तिथलेच. एवढा धीर धरला म्हणून या शहराला कामाची जाण आली.

माझं मागणं साधं आहे. ज्या वस्तू लष्कराला नेहमीच लागणार आहेत, जसं गोळे, फ्यूज, झिजल्यावर बदलायच्या तोफेच्या नळ्या, आणि अर्थातच त्यांची गेजेस, त्यांची थोडी तरी ऑर्डर दर वर्षी ठरलेली असावी. चार वर्षांत मिळून १०० संच लागणार असतील तर दर वर्षी २५ द्या. चौथ्या वर्षी एकदम १०० मागू नका. यात सरकारचा जादा पैसा जात नाही. किंमत थोडी जास्त पडली तरी पडू द्यावी, कारण टेंडरमध्ये सगळ्यात कमी भाव भरणारा एल-वन जो असतो, तो पुष्कळदा पहिल्यांदाच ते काम करत असतो, आणि त्याच्या शिकण्याचा खर्च शेवटी रिजेक्शनमध्ये लष्करच भरतं. माल नापास झाला तर कारण लिहून द्या, त्या एका ओळीने आमचे सहा महिने वाचतात. आणि ४५ दिवसांचा कायदा सरकारने आधी आपल्या मोठ्या पुरवठादारांकडून पाळून घ्यावा. खडकीचा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या कंपनीत गेला, तिचं मुख्यालयही पुण्यातच आहे. म्हणजे हे ठरवू शकणारी बरीच माणसं आमच्यापासून दहा-पंधरा किलोमीटरवर बसतात.

संरक्षण निर्यात २०२४-२५ मध्ये २३,६२२ कोटींवर गेली, तुम्हीही छापलं असेल. फार चांगलं झालं. त्या बातमीशेजारी कधीतरी एवढंही छापा की त्यातल्या किती वस्तूंची ऑर्डर सलग पाच वर्षं आली आणि मालाचे पैसे किती दिवसांत मिळाले. मोठा करार झाला की तुमच्या वार्ताहराने विचारावं, यात गेज कोण बनवणार, फ्यूजमधली स्प्रिंग कोण बनवणार, गोळ्यावर तांब्याचा बँड कोण चढवणार, आणि हे काम संपल्यावर त्या माणसांच्या हाताला पुढे काय काम. फ्यूजमधली ती स्प्रिंग तोफ उडताना स्वतःच्या वजनाच्या दहा हजार पटींहून जास्त धक्का खाते आणि तरी तिला नेमक्या क्षणी काम करावं लागतं. ती बनवणारा माणूस कुठल्याही फोटोत नसतो.

काका आता पुन्हा आमच्याकडे आहेत, आठवड्यातून तीन दिवस. औंधच्या आयटीआयमधून आलेल्या दोन मुली त्यांच्याजवळ शिकतात. एकीचा हात चांगला आहे, काकाच म्हणाले. सध्याची ऑर्डर फेब्रुवारीत संपते, पुढचं अजून काही कळलेलं नाही. तुमच्या वार्ताहराला एखाद्या दिवशी जरूर पाठवा. सकाळी साडेसातला आलेलं बरं, तेव्हा खोली २० अंशांवर ठरलेली असते आणि मुली रात्रभर ठेवलेली रिंग मोजत असतात.

धंदा चालू असल्याने पत्रासोबतचं माझं नाव कृपया छापू नये.

आपला,
एक गेज बनवणारा,
भोसरी, पुणे